सुगंधाबाईंची बाज

रविवारी तीन गावं,
मधे एक दफन, एक बाप्तिस्मा.
मोटरसायकलीत पेट्रोल भरायला
मी कधी विसरलो नाही.

शास्त्र उघडायचो शनिवारी रात्री, ते लोकांसाठी.
वाढप्याचं असतं तसं:
पंगतभर वरण फिरवायचं,
आपलं पान कुठं मांडलंय, पत्ता नाही.

सुगंधाबाई तायड्यांकडे गेलो
त्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करायला.
डोळे मिटले. 'हे स्वर्गीय पित्या...'
पुढं नुसतं घोरणं,
असं त्यांनीच नंतर सांगितलं.

जाग आली ती निंबाखाली, बाजेवर.
बूट कुणीतरी काढून ठेवलेले.
उशाशी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी,
तांब्याभर पाणी.

"खाऊन घ्या, पाळकसाहेब.
एलीयालेबी देवदूतानं
आधी झोपूच देलं होतं."

हा उतारा मी कितीदा शिकवला!
भाकर घाईनं ओलांडून
थेट डोंगरावर,
त्या मंद वाणीकडे धावायचो.

खाल्लं.
म्हातारी उंबऱ्यात बसून
ओळीखाली बोट धरून
अडखळत एक स्तोत्र वाचत होती,
माझ्यासाठी नव्हे, तिचं तिचं.

वाटबोरीला लोक थांबले असतील.
मी कूस बदलली,
आणि ऐकत राहिलो.