नवी बॅट

बावीस वर्षांच्या बॅटीला माझ्या अंगठ्याचा खळगा पडला होता.
हिनोकीच्या त्या लाकडाला, घासलं की, अजून वास यायचा.

नवीच्या आत कार्बन, वर कडक स्पंज.
काल रबर चिकटवलं, कडेनं कात्री फिरवली,
थोडी वाकडीच.

आज ओदातेच्या शाळेचा हॉल,
रॉकेलची शेगडी, खिडकीला बर्फ,
आणि माझा प्रत्येक फटका टेबल ओलांडून
थेट शेगडीपाशी.
तात्सुरो चेंडू आणून देतो, बोलत नाही.
बोलला असता तर बरं.

मी जोर लावते, ती दुप्पट करते.
जोर काढून घेतला की चेंडू जाळीत.
तीस वर्षं टपाल वाटलं मी; कुठल्या दारावर
केवढी थाप द्यायची, हाताला ठाऊक होतं.
हिचं दार कुठेय?

नवव्या गेमला दमले. मनगट आपसूक सैल पडलं,
आणि फटीतून कुणी पाकीट आत सरकवावं
तसा चेंडू कोपऱ्यात उतरला.
तात्सुरो जागचा हलला नाही.
"पुन्हा," म्हणाला.

पुन्हा नाही जमलं.

घरी येताना जुनी पिशवीत, नवी कोटाच्या खिशात.
अंगठा तिच्या कडेवरून फिरत होता,
वाकड्या कापाशी थांबत.