चेंडू पाण्यात गेला तर

स्कोअरबुकात त्यांच्या देशाचं नाव नेमकं घडीवर आलं,
कागद तिथेच विरला. उरलाय एक काना आणि वरचं टिंब.
नकाशात ते बेट माशी बसल्यासारखं दिसतं.
बहुतेक वेळा माशीच असते.

लोकसंख्या नऊ हजार, त्यांचा कर्णधार म्हणाला.
मी म्हटलं, एवढे तर आमच्या शाखेत खातेदार आहेत.
(बँकेत होतो तेव्हा, बाजीराव रोडला.
रविवारी स्कोअरर, चहा आणि दोन बटाटेवड्यांवर.)

फेब्रुवारी. पर्वतीखालचं मैदान.
कालव्याला इंदापूरचं आवर्तन सुटलेलं.
बस थांबली. उतरले तेरा जण,
आणि बॅटी सात.

नावं ऐकली तशी लिहिली.
इनोक तारावे, पोस्टमन, अख्ख्या बेटाला एकटा;
तो दौऱ्यावर म्हणजे तीन आठवडे कुणालाच पत्र नाही.
लेमुएल आणि ओबेद पिकारो, सख्खे भाऊ,
एका होडीच्या मालकीवरून अबोला,
तरी जोडीने खेळताना कधी धावबाद नाहीत.
यष्टीमागे पाद्री. अपील करायचा
तेही तब्येत विचारल्यासारखं.

जेवणाच्या सुट्टीत कर्णधाराने इतिहास सांगितला.
शाळामास्तर होता. सगळा इतिहास
मटकीची उसळ संपायच्या आत झाला.
समुद्राखालून तार टाकायला साहेब आले,
वेळ जाईना म्हणून स्टंप ठोकायला गेले.
खाली खडक. मग एक खोकं रंगवलं.
साहेब गेले, खोकं राहिलं.
पहिला विजय एका बोटीवरच्या खलाशांवर.
त्यातले अर्धे आजारी होते, हेही त्याने लपवलं नाही.
पुढे एका वादळात पॅव्हेलियन गेलं, दप्तर गेलं,
तेव्हा त्याआधीची सगळी शतकं
ज्याच्या त्याच्या नातवाच्या शब्दावर.

मैदान केवढं, मी विचारलं.
त्याने ताट पुढे ओढलं. ही चर्चची भिंत.
उरलेल्या तिन्ही बाजूंना, वाटीतल्या आमटीकडे बोट करत,
हे.
चेंडू बोटीने येतात. वर्षाला बारा.
म्हणून आमचा एक नियम आहे:
चेंडू पाण्यात गेला, फलंदाज बाद.
चार पिढ्या आम्ही जमिनीलगतच खेळतो.

नवव्या क्रमांकावर सायलस मोरेन.
वय एकोणीस, बेटाबाहेर पहिल्यांदाच.
आमच्या टिकेकरने उंची दिली, चेंडू पुढ्यात पडला.
हवेत मारायचं नव्हतं त्याला, हे मी शपथेवर सांगेन.
पण बॅटच्या पोटात बसला तो,
सायकल स्टँडवरून, बाभळीवरून, आणि मग

डुबुक.

अंपायर दात्यांचे दोन्ही हात वर.
आमची पोरं टाळ्या वाजवतायत,
आणि हा बॅट काखेत मारून, हातमोजे काढत निघाला.
पलीकडच्या टोकाला पाद्री होता,
त्यानेही मान झुकवली.
कर्णधार पायरीवर उभा राहिला, पण तोंडातून शब्द नाही.

"अहो, कुठे निघालात? सहा आहेत, सहा!"
दात्यांचं मराठी त्याला कुठून कळणार,
पण आवाज कळला. तो वळला.
कालव्याकडे पाहत राहिला बराच वेळ.
चेंडू तरंगत हडपसरच्या वाटेला लागला होता.

परत आला. पुढच्याच चेंडूवर त्रिफळा.
या वेळी जाताना हसत गेला.

हरले ते, एकशे एकोणचाळीस धावांनी.
संध्याकाळी आमचे चिटणीस फडके पेन उघडून बसले:
नवा चेंडू होता. पैसे कुणाच्या नावावर टाकू,
पाहुण्यांच्या की पाटबंधारे खात्याच्या?

तो सहाचा आकडा जरा वाकडा आहे.
माझा हात हलला असणार.
पुढे शेऱ्याच्या रकान्यात, अक्षर माझंच:
चेंडू एक, कालव्यात. वसुली बाकी.