एका वेलीपुरतं मोरचूद

झारुहीनं यादी केली ती गणिताच्या वहीत, मागच्या पानावरून उलटी,
आईनं उघडली तर समीकरणं वाटावीत म्हणून.
मी धाकटा. माझ्याकडे पिशवी
आणि कुणाला न सांगायची शपथ,
जी आज, एवढ्या वर्षांनी, मोडतोय.

सुरुवात घरातूनच.
व्हिनेगर, खायचा सोडा, अर्धा लाल कोबी.
कोबी उकळला, पाणी जांभळं झालं,
लिंबू पिळलं तर गुलाबी, सोडा टाकला तर हिरवट निळं.
"हा आपला साक्षीदार," ती म्हणाली, "लाच खात नाही."

बरण्या हव्या होत्या सहा,
आणि सहाहींत जर्दाळूचा मुरंबा.
तो संपवायचं खातं माझ्याकडे आलं.
चौथ्या बरणीपर्यंत विज्ञानावर माझी श्रद्धा होती.

वानाद्झोरात तेव्हा धुराडी होती, धूर नव्हता.
कारखाना बंद पडला तेव्हा ज्यानं त्यानं
हाताला लागेल ते घरी आणलं असावं,
पगाराऐवजी, किंवा नुसतीच आठवण म्हणून.
खालच्या मजल्यावर चिनी मातीच्या खलात लसूण कुटत,
न्हाव्याकडे मोजपात्रात प्लास्टिकची फुलं,
आणि समोरच्या बाल्कनीत मांजर दूध पीत होतं
चोच तुटलेल्या चंचुपात्रातून.
झारुही शेजाऱ्यांकडे जायची ती चहा प्यायला नाही,
कपाटांवर नजर टाकायला.
मांजराला आम्ही बशी दिली. बदल्यात.

औषधवाल्यानं विचारलं, "परमँगनेट कशाला? घशाला?"
ती म्हणाली, "नाही, प्रयोगाला."
खरं बोलली, रिकाम्या हातानं परतली.
वाटभर गप्प. मला वाटतं तिथेच काहीतरी शिकली.

कारण मुकुचच्या बी-बियाण्यांच्या दुकानात
मोरचुदाच्या पोत्याशी उभी राहिली तेव्हा
त्यानं विचारलं, "किती वेली आहेत द्राक्षाच्या?"
आणि चौथ्या मजल्यावर राहणारी माझी बहीण
डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "एक."
मुकुचनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
वर्तमानपत्राच्या पुडीत दोन चमचे बांधले.
"हात धू," म्हणाला. "पैसे वेल फळल्यावर."

हेरिकनाझबाई सर्वांत शेवटी.
तीस वर्षं प्रयोगशाळेत थेंब मोजत होत्या,
अजूनही जिना मोजूनच उतरायच्या.
लोकरी मोज्यातून त्यांनी एक ब्युरेट काढली,
पाण्यानं भरली, झारुहीच्या हातात तोटी दिली:
"विसाव्या थेंबाला थांब."
ती बावीसवर थांबली. पुन्हा. एकवीस. पुन्हा.
खिडकीत अंधार झाला, मला भूक लागली,
विसाव्याला बाईंनी नुसतं "हं" केलं.
मग म्हणाल्या, "बिनचिठ्ठीची बाटली घरात ठेवायची नाही.
एकही नाही. एक रात्रसुद्धा नाही."
बाही जरा वर सरकवली,
मनगटावर एक पांढुरका डाग,
आणि बाही परत खाली घेतली.

स्टँड म्हणून बर्फातल्या घसरगाडीची काठी, वाळूच्या बादलीत.
चष्मा पोहण्याचा, टेबलावरचं मेणकापड कमरेला.
बरण्यांवरचं "जर्दाळू" आडव्या रेघेनं खोडून
तिनं खाली ठळक लिहिलं: मुरंबा नव्हे!!
आणि एक कवटी काढली, जी बटाट्यासारखी झाली.
आईला सगळं कळलं ते त्या बटाट्यामुळे.
ती ओरडली नाही. एक बरणी उचलून उजेडात धरली,
खाली ठेवली, आणि मला विचारलं,
"सहाच्या सहा तूच खाल्लास?"

पहिला खडा दोऱ्यावरून सुटून तळाशी विरघळला.
दुसऱ्यावर धूळ बसली. तिसरा वाकडा.
मुकुच रस्त्यात भेटला की हाक मारायचा,
"झारुही जान, वेल काय म्हणते?"
ती मान खाली घालून, "अजून काही नाही."

मार्चमध्ये एकदा, बर्फ वितळून चिखल झालेला,
त्यानं पलीकडच्या फुटपाथवरून विचारलं.
ती थांबली. पिशवी माझ्याकडे दिली,
अंगठा आणि बोट यांत नखाएवढं अंतर धरून
रस्ताभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली,
"पान फुटलंय! निळं!"