पासंग

उद्यमनगरात दुपारी एकला
लेथ थांबतात, डबे उघडतात,
तेव्हा मालनबाई आली.
कापडी पिशवीत ताजव्याचं एक पारडं,
साखळीच्या भोकापासून चिरलेलं, बोटभर.
'मिरची तोलायची हाय. सोमवारी शिक्क्याचा सायब येतोय.'

चिंचेनं घासून आणलं होतं,
मुलगी दाखवायला न्यावी तसं.

मी घोडीवरची पितळी तार उपसली.
पितळेला पितळ, रंगाला रंग,
यात विचारायचं काय?
आधी घागरीच्या भंगार तुकड्यावर बघ, म्हणाले बाबालाल.
आर्क पेटला
आणि काचेपुढं पांढरी लोकर उडायला लागली.
जस्त.
तांबं अजून अंग चोरून बसलेलं,
हे आधीच उकळून घर सोडून चाललं.
मागं राहिली चाळण.

बाबालाल मुजावर भाकरीवरून उठले नाहीत.
'खिडकी उघड.
न्हाईतर रातच्याला थंडी भरंल, पाणी गोड लागंल.
दुधानं उतरतंय म्हणत्यात.
काय उतरत न्हाई.'

मग हात धुऊन त्यांनी
वरच्या फळीवरची नळी काढली.
सिलिकॉन ब्राँझ, दीड मिलिमीटर,
अंगानं जरा तांबूस,
जस्ताचा जवळजवळ मागमूस नाही.
'आपल्यातली म्हणून आणलीस ती
आपल्यासंगं धुरात गेली.
ही परकी. पण टिकून ऱ्हाती.
आणि आच तारेवर धर,
पितळेला नुसती बातमी लागू दे.'

चीर कानशीनं उघडली, ॲसिटोननं पुसली,
तरी आत किती वर्षांची मिरची होती कोण जाणे.
टॉर्च टेकवला आणि अख्खा गाळा ठसकला.
शेजारचा इराप्पा डबा घेऊन रस्त्यावर,
बाबालाल टोपीनं डोळे पुसत,
मालनबाई तेवढी पदराआडून हसत:
'संकेश्वरी हाय. अस्सल.'

पुन्हा घासलं. पुन्हा पुसलं.
साठ अँपियर.
थेंब. सरक. थेंब.
तार पितळेवर पसरली,
पितळ जागचं हललं नाही.

जोड उठला तो
मेंदी उतरत आलेल्या नखाच्या रंगाचा.
'डाग दिसतोय की ओ.'
'दिसतोय.'
'चिंचेनं जाईल?'
'न्हाई.'
ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.

बाहेर तिची दांडी होती, दुसरं पारडं होतं.
रिकामाच ताजवा उचलला
आणि माझं पारडं खाली गेलं,
तीन सुक्या मिरच्यांएवढं.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.
भरलेलं भरतं म्हणजे जड होतं.
मी कानस घेतली. बाबालालनी ती काढून घेतली.
माझ्या हातात उरलेलं तारेचं टोक मागितलं,
पकडीनं वळवलं,
समोरच्या पारड्याच्या कडीला गुंडाळलं,
काटा बघून एक कण तोडला,
पुन्हा बघितलं, आणखी अर्धा.
काटा सरळ उभा राहिला.

एकच तार.
निम्मी चिरेत,
निम्मी तिच्या समोर लोंबत.

मजुरी साठ रुपये.
तिनं वर पावशेर मिरची तोलून दिली,
ती काट्याकडं बघत होती, मी जोडाकडं.

रात्री माठातलं पाणी
गोड लागलं.
आईनं दूध तापवलं.
मी गोधडी ओढून घेतली,
दूध तसंच राहिलं.