एकच व्यक्ती

भात पोटरीला आलंय
आणि बंदूक खानापूरच्या ठाण्यात.
बाप गेला त्या आठवड्यातच जमा केली मी.
पावती कानडीत, खाली निळ्या शाईची सही.
पितळी डब्यात ठेवलीय, बापाच्या चष्म्याखाली.

कारकून म्हणाला, ओळख पाहिजे.
माझी की बंदुकीची? मी विचारलं.
तो हसला नाही.

तशी ओळख पिशवीभर आहे.
शाळेचा दाखला घ्या. मास्तरांचं वळणदार अक्षर:
गंगूबाई भरमाणी घाडी, जन्म एक जून,
वर्गातल्या सगळ्या पोरांसारखा.
रेशन कार्डात मी गंगव्वा, बाप भरमण्णा;
त्या नावानं आम्ही वीस वर्षं तांदूळ खाल्ला,
कधी पोटात दुखलं नाही.
आधारावर गंगा पी. गुरव.
पी म्हणजे परशराम, माझा नवरा,
एका अक्षरात मावला बिचारा.
आणि मतदार कार्डावर नवऱ्याच्या जागी बापाचं नाव.
दोघंही तेव्हा होते.
दोघांनीही हरकत घेतली नाही.

मग यंत्रावर अंगठा.
काजूच्या कारखान्यात सात हंगाम काढलेत,
चिकानं बोटं पोळून गुळगुळीत झालीत.
दाबा बाई, अजून दाबा.
किती दाबू? हाडापर्यंत मीच आहे.

डॉक्टरनं विचारलं, झोप लागते?
भात शेतात असताना नाही.
राग येतो?
कुणाचा, ते विचारलं नाही त्यानं.
लिहून दिलं: मन ठीक.

दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जायची.
बाप मत देऊन बोटाची शाई वाळायच्या आत
ठाण्याच्या पायरीवर, हवालदाराला विचारायचा,
बरी हाय न्हवं ती?
जशी काय बाळंतीण.

परवा तिला बाहेर काढली, नंबर पडताळायला.
दस्त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
चिठ्ठीवर बाप पुन्हा वेगळा: भरमाजी.
पण नळीवर अकराशे सत्तेचाळीस,
परवान्यात अकराशे सत्तेचाळीस,
रजिस्टरात, पावतीत, सगळीकडं तेच.
तिचं लग्न झालं नाही.
तिला कुणी लाडानं हाक मारली नाही.
मी जवळ वाकले तर खोबरेल तेलाचा वास आला,
बाप डोक्याला लावायचा तेच तिला लावायचा.
हात लावू नका, हवालदार म्हणाला.
अजून तुमच्या नावावर नाही.

म्हणून बेळगावला, कचेरीसमोर.
बशेट्टी टायपिस्ट, मशीनला एक अक्षर कमी,
ते तो पेनानं भरतो.
शंभराच्या स्टँपवर त्यानं लिहिलं:
गंगूबाई, गंगव्वा आणि गंगा पी.
ह्या तीन नसून एकच व्यक्ती आहेत,
हे मी शपथेवर सांगते.
मी ते दोनदा वाचलं.
जन्मात पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलं मला,
आणि त्याचे अडीचशे घेतले.

सही माडरी, तो म्हणाला.
पेन टेकवलं आणि हात थांबला.
कुठली करू?
यावदार वंद, बाई. कुठली बी एक.
मागं रांग होती. मी केली.
कुठली ते नंतर बघायचं धाडस झालं नाही.

कारकुनानं कागद उलटा केला, सुलटा केला.
बापाच्या नावाचं पण असंच एक आणा.
मेलेल्या माणसानं शपथ कशी घ्यायची?
ते तुम्ही बघा. नाळे बर्री.

जांबोटीची शेवटची गाडी पकडली.
जेवून माळ्यावर चढले, डबा नि काठी घेऊन.
चांदणं पातळ होतं, बांधाकडं सळसळ झाली.
मी बापाची हाक दिली,
तीच, जिच्यात शब्द नसायचा,
जी ऐकून शिवाराच्या पल्याड रान हलायचं.

डुकरं थांबली.
कान टवकारले.
मग पुन्हा खायला लागली.

उद्या चार फोटो न्यायचेत.
दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणे.