आठ मोती

दर शनिवारी दुपारी दोनला
क्लॅरी ट्रेवार्था हिरव्या फेल्टवर पाच नाणी मांडतो
आणि मला साबणाची वडी देतो.
आधी हात, मग डोळे, तोंड सगळ्यात शेवटी.
एकतीस वर्षं मी बेंडिगोत
दंतवैद्याची मदतनीस होते,
हात धुण्यात मला कोण हरवणार.
तरी तो नखं तपासतो.

तीन पेनीचं नाणं.
अंगठ्याच्या नखाएवढी चांदी,
वजन दीड ग्रॅमसुद्धा नाही.
कडेनं धर, तो म्हणतो,
पोटाला बोट लावलंस
तर राजापेक्षा तुझा ठसा जास्त टिकेल.

जे उंच, ते आधी झिजतं.
राजाची भुवई, मिशीचं टोक,
मग मुकुटाची पट्टी:
तिच्यावर आठ मोती, मधोमध हिरा.
भिंग डोळ्याशी न्यायचं आणि मोती मोजायचे.
आठ भरले तर श्वास रोखून पुन्हा मोजायचे.
सहा असतील, हिरा शाबूत असेल, तरी झकास.
एकही नसेल, नुसती गुळगुळीत पट्टी असेल,
तर ते नाणं जगलंय:
दूधवाला, ट्रामचा कंडक्टर,
खाणीतून वर आलेल्या माणसाचा पहिला बिअरचा ग्लास.
क्लॅरी असल्या नाण्यांना नावं ठेवत नाही.
पत्र्याच्या डब्यात टाकतो, एवढंच.

शब्दांनी मला फसवलं.
‘फाइन’ म्हणजे झिजलेलं,
‘व्हेरी गुड’ म्हणजे फारच झिजलेलं,
आणि नुसतं ‘गुड’ म्हणजे आता काय बोलायचं.
मी हसत सुटले.
दवाखान्यात आम्हीही पेशंटला
हेच सांगायचो, याच सुरात.

दिव्याखाली नाणं किंचित कलतं करायचं.
न वापरलेल्या नाण्यावर उजेड फिरतो,
सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखा.
घासूनपुसून लख्ख केलेलं मात्र
सगळीकडून एकदम चमकतं,
खोटं बोलणारा माणूस जसा
विचारायच्या आधीच उत्तर देतो.

मी नेहमी एक पायरी वरची सांगते.
क्लॅरी पेन्सिलीनं खाली आणतो.
तुझी नजर दयाळू आहे, म्हणतो,
दया तिकडे खुंटीला अडकव, टोपीशेजारी.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी
पाचवं नाणं काळवंडलेलं होतं.
साल एकोणीसशे एकवीस.
मागच्या बाजूला, कांगारूच्या पाठीशी, कडेला
दोन बारीक खाचा.
मी भिंग लावलं, आणि बराच वेळ काढलं नाही.
हा ओरखडा नाही, मी म्हणाले, दात आहे.
पुढचा, वरचा, दुधाचा.
मूल सहा वर्षांचं, फार तर सात.
आणि तो दात तेव्हा हलत होता,
एक खाच खोल आहे, दुसरी घसरलेली.

क्लॅरीनं पेन्सिल खाली ठेवली.

आयव्ही, तो म्हणाला. माझी बहीण.
एक्कावन्नचा ख्रिसमस, बाहेर चाळीस डिग्री,
आणि आई स्वयंपाकघरात पुडिंग उकळत होती.
पुडिंगात सापडलेली चांदी आईला परत द्यायची,
बदल्यात तांब्याची पेनी घ्यायची, असा घरचा नियम.
आयव्हीनं दिली नाही.
भांडी धुऊन, पुसून, फळीवर लागेपर्यंत
गालात धरून बसली होती.
विचारलं की मान हलवायची.

मग घसा साफ करून म्हणाला,
हं. ग्रेड सांग.

मला नियम पाठ होता:
इजा झालेल्या नाण्याला ग्रेड नसते,
फक्त धातूचा भाव.
मी तसंच सांगितलं.
आणि मोती? त्यानं विचारलं.
सात.
त्यानं नाणं स्वतःच्या भिंगाखाली नेलं,
दोनदा मोजलं.
सात, म्हणाला, जरा नाराजीनंच.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
आमचा आकडा जुळला होता.

पाकिटावर त्यानं साल लिहिलं, धातू लिहिला.
ग्रेडची रेघ कोरी राहिली.
पाकीट पत्र्याच्या डब्यात गेलं नाही,
कुठे गेलं ते मी पाहिलं नाही,
टोपी शोधत होते.

बसथांब्यावर उन्हात उभी राहून
मी जिभेनं स्वतःचे दात मोजत होते.
दाढांची टोकं पार सपाट झालीत.
सुळे ठीक.
एकूण ‘व्हेरी गुड’,
आणि तेही दयाळू नजरेनं.