ऐंशी सालची बाटली

बूच अर्धंच निघालं. उरलेलं
शिळ्या पावासारखं आतल्या आत चुरलं.
म्हणून मग चहाची गाळणी, तिच्यावर सासूबाईंचा धुवट रुमाल,
आणि दोनातोचा हात, जो एरवी
मीठ टाकतानाही थरथरतो,
आज तान्ह्याला न्हाऊ घालावं तसा स्थिर.

लेबल नाही. खडूनं नुसतं लिहिलंय : ८०.
सासऱ्यांचं अक्षर. पुढं त्यांना काही लिहावंसं वाटलं नाही.
त्या वर्षी द्राक्षं उशिरा पिकली, नेहमीसारखीच,
ताउराझीच्या उतारावर, धुक्यात,
बोटं बधिर होईस्तोवर खुडलेली.
रस पिंपात अजून खदखदत होता
तेव्हा एका रविवारी, दिवेलागणीनंतर,
जमीन हलली. दीड मिनिट.
गावातलं जे उभं होतं, त्यातलं अर्धं बसलं.
तळघर राहिलं. सहा पिंपांतलं एक राहिलं.

मी कोकरू भाजलं होतं. रोजमेरी, लसूण, मिरी सढळ हातानं.
मुरलेल्या वाइनला मटणच, असं सासरे सांगत,
आणि ते सांगत ते करायची मला सवय.
पहिला घोट. काहीच नाही.
ओली वीट. गंज. कपाटात विसरलेला कोट.
"गेली," दोनातो म्हणाला,
डॉक्टर म्हणतात तसं, घड्याळ बघून.
थांब, म्हटलं. आजारी माणसालाही
पाहुण्यांपुढं उठून बसायला वेळ लागतो.

वीस मिनिटं आम्ही वीजबिलावरून भांडलो.

मग ग्लासात कुणीतरी घसा खाकरला.
सुकी चेरी. तंबाखूची रिकामी चंची.
शेगडीवर टाकलेली संत्र्याची साल.
कडेला कौलाचा रंग, मधोमध अजून डाळिंबी.
कधीकाळी जीभ ओढून धरणारा तुरटपणा
आता नुसता बोट धरून चालत होता.

आणि कोकरू? एका घासात
त्यानं तिचं तोंड बंद केलं.
लसणापुढं तिला शब्द फुटेना.
ताट सरकवलं. शेजारची आसुंता
मोंतेल्लाचे चेस्टनट ठेवून गेली होती,
तमालपत्र घालून उकडलेले,
प्रेमानं नव्हे, जास्त झाले म्हणून.
ते सोलले, गरम, नखं भाजत,
सोबत काचोकवाल्लोचा तुकडा, घाम फुटलेला,
आणि ती बोलायला लागली.

दोनातो त्या रात्रीबद्दल कधी बोलला नाही.
चव्वेचाळीस वर्षांचा आमचा संसार, एकदाही नाही.
आज दुसरा ग्लास ओतताना म्हणाला,
"आम्ही जिन्यात होतो, मी आणि धाकटी.
बाबा पिंपाला मिठी मारून उभे."
एक चेस्टनट सोलला. किडका निघाला.
दुसरा घेतला.

साडेदहाला तिचा आंबटपणा वर आला,
मग ती परत कोटात शिरली.
तळाशी दोन बोटं गाळ.
ओतून द्यायला उठले, तर म्हणाला,
राहू दे, उद्या रश्शात घाल.
कोकरू आहेच.